कुजबुजत मागायच्या गोळ्या

मेडिकलच्या काउंटरमागे पंधरा वर्षं उभं राहिलं की माणसाकडे दोन गोष्टी साठतात: गुडघेदुखी आणि किस्से. गुडघ्यांचं ऐकायला कुणी थांबत नाही. किस्से मात्र लोक मागून घेतात! आणि सगळ्यात जास्त किस्से जमतात ते लघवीच्या गोळ्यांचे. हार्टची गोळी लोक छाती पुढे काढून मागतात. शुगरची गोळी तर लग्नाच्या पंक्तीत एकमेकांना देतात. पण प्रोस्टेटची चिठ्ठी खिशातून काढताना भले भले आधी मागे वळून बघतात.

आमचं घर म्हैसूरचंच, चार पिढ्यांपासूनचं. घरी मराठी, दुकानात कन्नड, आणि राग आला की दोन्ही. दुकानात आम्ही दोघंच, मी आणि मंजुनाथ. पुरुष गिऱ्हाईक मला बघितलं की विचारणार, “मंजुनाथ इल्वा?” म्हणजे मंजुनाथ नाही का? कितीतरी वर्षं मी मुकाट्यानं त्याला हाक मारायचे. मग एकदा तो जेवायला गेला होता म्हणून एक गृहस्थ तसेच परत गेले. लाजेपायी आठवडाभर गोळीशिवाय राहिले आणि लघवी तुंबून दवाखान्यात भरती झाले. नळी घालावी लागली.

त्या दिवशी मी ठरवलं. आता हाक मारायची नाही. मीच विचारणार!

*

पहिले सापडले ते एक रिटायर्ड हेडमास्तर. सोमवारी आले, इकडेतिकडे बघितलं आणि टूथपेस्ट घेऊन गेले. मंगळवारी आले, पुन्हा टूथपेस्ट. बुधवारीही तेच. शर्टाच्या खिशातून डॉक्टरांच्या चिठ्ठीचा कोपरा मात्र रोज बाहेर डोकावत होता.

गुरुवारी मी आधीच म्हटलं, “सर, दात आता चकचकीत झाले असतील. लघवीचं बोलू या?”

मास्तर लालेलाल झाले. मग हळूच चिठ्ठी काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, “पस्तीस वर्षं मी मुलांना सांगत आलो, शंका असेल तर हात वर करा!”

*

जाधवकाकांचे पूर्वज म्हैसूरच्या जुन्या फौजेत होते. काका स्वतः बँकेतून रिटायर झाले, पण चाल अजून फौजेतलीच. प्रोस्टेटची गोळी सुरू झाली आणि तिसऱ्या दिवशी काकू तरातरा दुकानात आल्या. “अगं, तुझ्या गोळीनं आमच्या ह्यांना पाडलं की! पलंगावरून उठले आणि धाडकन खाली!”

काका मागोमाग आलेच, कोपराला बँडेज. मी दोघांना बसवलं. ह्या गोळीनं उभं राहताना बीपी एकदम उतरतं. म्हणून गोळी रात्री जेवणानंतर घ्यायची. उठताना आधी पलंगाच्या काठावर बसायचं, वीसपर्यंत मोजायचं, मग उभं राहायचं. आणि पडल्याचं डॉक्टरांना आजच्या आज सांगायचं.

काका ताठ झाले. “आमच्या घराण्यात कुणी आकडे मोजून उठलेलं नाही!”

“लढाईलाच उठा काका, पण वीस मोजून उठा.”

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. महिन्याभरानं काका पुन्हा गोळ्या न्यायला आले. मी विचारलं, “मोजता ना?”

“मी कुठला मोजतो! ही मोजते, कन्नडमध्ये. ओंदु, एरडु, मूरु... आणि माझ्यावर चिडली असली की एकोणिसावर थांबते!”

*

हा किस्सा माझ्याच चुकीचा आहे. शाळेतल्या एक बाई लघवीच्या जळजळीची गोळी घेऊन गेल्या. ह्या गोळीनं लघवी गडद केशरी होते. गर्दी होती, सांगायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन. बाई रडत होत्या. “अक्का, रक्त जातंय! बंगळूरहून भावाला बोलावून घेतलंय. लॉकरची चावी कुठे आहे तेही त्याला सांगितलं.”

विचारत विचारत खात्री करून घेतली, डॉक्टरांशी बोलायला लावलं. गोळीचाच रंग होता. पण एक अख्खी सकाळ त्या बाईनं मरणाची तयारी केली, ती माझ्यामुळे. तेव्हापासून त्या गोळीच्या पाकिटावर मी स्वतः मोठ्या अक्षरात लिहिते: रंग केशरी होईल, घाबरू नये. कितीही गर्दी असो.

बाईंनी मला माफ केलं. फक्त म्हणाल्या, “अक्का, तो केशरी शिरा, केशरीबात, मात्र ह्या जन्मात आता घशाखाली उतरायचा नाही!”

*

पिरियापट्टणचे एक तंबाखूवाले शेतकरी सर्दीची गोळी मागायला आले.

“अण्णा, आणखी कुठलं औषध चालू आहे?”

“एनिल्ला.” काही नाही!

मंजुनाथ त्यांच्या बायकोचं औषध काढत होता, तेवढ्यात अण्णा समोरच्या शौचालयात दोनदा जाऊन आले. मी गोळी हातातच धरली. “खरं सांगा, लघवीचं काही चालू आहे?”

ते भडकले. “वाहतंय माझं नाक! तुम्ही खालचं कशाला विचारता?”

“नाक सुकवणारी ही गोळी खालचाही नळ बंद करते, अण्णा! प्रोस्टेटचा त्रास असेल तर मी देणार नाही.”

अण्णांनी हातातली कापडी पिशवी काउंटरवर पालथी केली. पाच पाकिटं निघाली. त्यातली दोन प्रोस्टेटचीच! मी डॉक्टरांना फोन लावला. वाफ घ्या, म्हणाले. अण्णा वाफ घ्यायला परत गेले. जाताना मंजुनाथला विचारत होते, “ह्या पोलिसात होत्या का?”

*

वरुणा गावाकडचे एक ऊसवाले. “गोळी आठ दिवस खाल्ली, काही फरक नाही. बंद करतो.”

ही गोळी प्रोस्टेटची वाढलेली गाठ हळूहळू आकसवते. सहा महिने लागतात.

मी म्हटलं, “अण्णा, ऊस किती महिन्यांनी तोडता?”

“बारा.”

“आठव्या दिवशी कोयता घेऊन जाता का?”

दर महिन्याला न चुकता येतात आता!

*

आणि ही रत्नम्मा. कडकोळच्या एका कारखान्यात पॅकिंगला. सहा महिन्यांत तिसऱ्यांदा इन्फेक्शन, तिसऱ्यांदा अँटिबायोटिक. मी म्हटलं, “अगं, कोर्स पूर्ण करतेस ना? पाणी पितेस ना?”

“कोर्स करते. पाणी नाही पीत अक्का. प्यायलं तर जावं लागतं.”

“मग जायचं!”

“टॉयलेटला कुलूप असतं. किल्ली सुपरवायझरच्या खिशात. मागितली की सगळ्यांसमोर विचारतो, आत्ताच गेली होतीस ना? आम्ही चौदा जणी आहोत. सगळ्या घरी जाईपर्यंत धरून ठेवतात.”

माझ्याकडे गोळी होती, ती दिली. पण ही गोळी पुन्हा लागणार, हे मलाही कळत होतं आणि तिलाही. मी म्हटलं, “डॉक्टरांकडून लिहून आण. लागेल तेव्हा जाऊ द्यावं, असं.”

“आणलं होतं अक्का. त्यानं वाचलं आणि घडी करून त्याच खिशात ठेवलं.”

तिनं गोळ्या पर्समध्ये टाकल्या. मग म्हणाली, “लॅबला लघवी द्यायच्या त्या बाटल्या आहेत? झाकणाच्या? चौदा द्या.”

“सगळ्यांची टेस्ट करणार?”

“तुम्ही द्या तर!”

चार दिवसांनी शिफ्ट संपवून आली. काउंटरवर आधी घटाघटा पाणी प्यायली. मग सांगितलं. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर चौदाही जणी रांगेनं सुपरवायझरच्या केबिनमध्ये गेल्या. प्रत्येकीनं नाव लिहिलेली, पॅकिंगच्या खोक्यांआड भरलेली बाटली त्याच्या टेबलावर ठेवली, त्याच्या डब्याशेजारी. तो ओरडला, “हे काय आहे?”

रत्नम्मा म्हणाली, “सर, किल्ली तुमच्याकडेच राहणार असेल, तर हेही तुमच्याकडेच राहू दे!”