साठावी सुपारी

नाशिकच्या वेशीवर झेंडू-शेवंती पिकवणाऱ्या नव्वद चुलींचं एक पंचमंडळ होतं, आणि त्यात रंगनाथतात्यासारखा नियमांचा भोक्ता दुसरा नव्हता. बायका म्हणत, तात्याला शिंक आली तर आधी ठराव मांडील, अनुमोदक शोधील, मग शिंकेल. शिक्षण सातवी, पण अक्षर असं की तलाठ्यानं जळावं. म्हणून मंडळाची वही कायम त्याच्याच घरी.

त्याच वहीत त्यानं एकदा स्वतःच्या लेकीचं नाव ‘वगळलेल्यां’च्या पानावर लिहिलं होतं. मंजुषानं नाशिक रोडच्या प्रेसमधल्या परजातीच्या मुलाशी लग्न केलं, आणि मंडळाच्या घटनेत तर सतरावं कलम बसलेलं: अशा लेकीच्या दारी जायचं नाही, तिला दारी घ्यायचं नाही, बऱ्यावाईटाचा निरोपही धाडायचा नाही. जो मोडील, त्याचंही नाव त्याच पानावर. पंच म्हणाले, "तात्या, तुमच्या हातानं नको, दुसरं कुणी लिव्हील." तात्या म्हणाला, "दुसऱ्याचं अक्षर वाईट हाय." या उत्तरावर मळेकरी वर्षभर हसले. त्याची बायको कुसाबाई हसली नाही. तिनं आठ दिवस त्याच्या ताटात मीठ वाढलं नाही, आणि तो मुकाट्यानं अळणी जेवला.

अकरा वर्षं गेली. नव्याण्णव साली घटना नव्यानं लिहायची टूम निघाली, सतरावं कलम काढायचं बोलणं सुरू झालं, आणि घटनासभा कशी भरवायची याचे नियम अर्थातच तात्याकडे आले. महिनाभर तो मळ्यात कमी, वहीत जास्त. दर चुलीला एक सुपारी. बदल हवा असेल त्यानं ती पुजलेल्या घागरीत टाकायची. साठ भरल्या तर बदल मंजूर. एकदा दवंडी पिटली की तारीख हलणार नाही. आणि सुतकातल्या घराची सुपारी घागरीत चालणार नाही.

कुसाबाई गजरे ओवता ओवता ऐकत होती. "अहो, सुतकाचं कशाला घातलंत?"

"घागर पुजलेली असती. सुतकी हात कसा चालंल? रीत हाय ती."

"आन् ऐन टायमाला कुणी मेलं तर?"

"कुणी मरत नाय त्या आठवड्यात."

"मरणाला इचारून लिव्हलंत वाटतं!" ती खो खो हसली. तात्याही मिशीत हसला. अकरा वर्षांत त्या घरात दोघं एकदम हसल्याचं शेजारणीला आठवत नव्हतं, आणि त्या शेजारणीचं कान देण्याचं काम चोख होतं.

मग कुसाबाईनं दोन महिने फुलांची पाटी डोक्यावर घेऊन घरं पालथी घातली. कुणाच्या सुनेला गजरा, कुणाच्या सासूला मऊ बोल. एका दुपारी येऊन धापा टाकत म्हणाली, "साठ झाल्या. आपली धरून." घरची सुपारी तिनं तांदळाच्या पिठाच्या डब्यात जपून ठेवली. माळ्यावरचं मांड्यांचं खापर उतरवून घासलं. मंजीला मांडे लई आवडायचे.

सभेच्या सहा दिवस आधी झेंडू तोडता तोडता ती सरीतच खाली बसली. पुन्हा उठली नाही.

लेकीला निरोप गेला नाही. सतरावं कलम अजून जिवंत होतं.

तारीख हलली नाही. तात्या सुतकी, म्हणून मांडवाबाहेर निंबाखाली एकटा बसला होता. मोजणी झाली. एकोणसाठ.

तात्या उठला, कुणाकडे न बघता आत गेला, आणि खिशातली सुपारी घागरीत टाकली. टण् असा आवाज झाला.

मल्हारी हा विरोधातला जुना पंच. तो ओरडला नाही. त्यानं वही उघडून पुढं धरली. "तात्या, अक्षर कुणाचं हे?"

"माझं."

"मंग वाचा."

तात्यानं सुतकाचं कलम वाचलं. मोठ्यानं, एकही शब्द न गाळता.

मागून कुणीतरी म्हणालं, "असू द्या ना बुवा, एका सुपारीनं काय व्हतंय!"

"असू द्या म्हनायचं कलम नाय लिव्हलं त्यांनी," मल्हारी म्हणाला. पण बोलताना त्याचीही मान खाली होती. तात्याच्या कलमांवर हसणाऱ्या त्या मांडवात त्या दिवशी कुणी हसलं नाही.

तात्यानं घागरीत हात घातला. सगळ्या सुपाऱ्या सारख्याच, पण आपली त्याला लगेच सापडली. तिला पीठ लागलेलं होतं. ती त्यानं मुठीत धरली. मग तिथंच खाली बसून वहीचं ‘वगळलेल्यां’चं पान काढलं, आणि मंजुषाच्या नावाखाली तितक्याच सुबक अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं. वही मल्हारीच्या मांडीवर ठेवली आणि पायांत वहाणा सरकवून बस धरली.

नाशिक रोडच्या कॉलनीत पत्ता विचारत विचारत तो तिसऱ्या मजल्यावर पोचला. मंजुषानं दार उघडलं. क्षणभर तिला कळेचना. मग तिचा चेहरा एकदम उजळला.

"तात्या! काढलं का हो कलम?" त्याच्या खांद्यावरून तिनं जिन्याकडं पाहिलं. "आन् आई? खालीच राहिली ना? गुडघे धरले असतील तिचे..."

तात्या काही सांगायच्या आत ती त्याच्या बाजूनं सटकली आणि "आई, थांब गं, मी येते" म्हणत जिना उतरू लागली.