टंगमर्गची वळणं आणि आबाजींचं दही

स्कीइंगला जायचं आमच्या घरात ठरलं ते एका लग्नाच्या पंगतीत. माझा नवरा प्रशांत पाटबंधारे खात्यात आहे. त्याचे एक साहेब युरोपात बर्फावर घसरून आले होते आणि जिलबी वाढून होईपर्यंत त्यांनी अख्ख्या पंगतीला मोबाईलमधले फोटो दाखवले. परतताना प्रशांत गाडीत गप्प होता. यवतमाळला घरी पोचून चपला काढता काढता म्हणाला, "आपण भी जाऊ. गुलमर्गले. आपण काय कोणापेक्षा कमी हाओ का?" ज्याला मॉर्निंग वॉकला जायला मफलर, कानटोपी आणि हाका मारणारी बायको लागते, त्या माणसाने बर्फात पायाला फळ्या बांधून उभं राहायचं ठरवलं होतं.

अडचण एकच होती आणि ती आठ वर्षांची आहे. आमच्या रेवाला गाडी लागते. पुसदच्या रस्त्याला लागते, वणीकडे जाताना राजूरच्या कोळशाच्या ट्रकांमागे लागते, माझ्या माहेरी मुकुटबनला जाताना तर हटकून लागते. जिल्ह्यात असा रस्ता नाही जिथल्या एखाद्या बाभळीखाली मी तिची पाठ चोळत उभी राहिलेली नाही. शाळेच्या सहलीत ती शेजारच्या मुलीच्या नव्या फ्रॉकवर ओकली, तेव्हापासून वर्गात तिचं नाव 'ओकारी एक्सप्रेस' आहे. गेल्या वर्षी पुसदला प्रशांतच्या चुलतभावाचं लग्न होतं, तर सगळ्यांचे कपडे वाचावेत म्हणून तिला घरीच ठेवलं. नवा घागरा घालून ती फाटकाशी उभी राहिली आणि आमची गाडी वळेपर्यंत हात हलवत होती. ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही.

या वेळी प्रशांत त्याच्या भावाला फोनवर सांगत होता, "आता ओकली ना, तं पुढच्या टूरपासून तिले घरीच ठेवतो. साऱ्यायच्या मजेचा सत्यानाश होते." रेवा शेजारच्या खोलीत पाढे लिहीत होती. दुसऱ्या दिवशी वेणी घालून घेताना तिने विचारलं, "आई, मी बर्फात नाही ओकली, तं पुढच्या वर्षी मले न्याल ना?" मी हो म्हटलं आणि वेणी जरा जास्तच घट्ट घातली.

त्यामुळे गुलमर्गच्या सौंदर्यासाठी हा ब्लॉग वाचत असाल, तर दुसरीकडे बरेच आहेत. ज्यांच्या घरात गाडी लागणारं पोर आहे, त्यांनी बसावं.

तयारीचं म्हणाल तर यवतमाळात गाडी लागण्यावर औषध ठाऊक नसलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. शेजारच्या काकूंनी वर्तमानपत्रावर बसवायला सांगितलं. माझ्या आईने लिंबू हुंगायला सांगितलं. माझ्या कॉलेजातल्या एका सरांनी खिशात कांदा ठेवायला सांगितला. प्रशांतच्या भावाने तर गाडीखाली जमिनीला टेकेल अशी साखळी बांधायला लावली, म्हणजे म्हणे गाडीतला करंट उतरतो. प्रशांतने ऑनलाइन मनगटाचा पट्टा मागवला. केमिस्टने दिलेल्या गोळीने रेवाला गाढ झोप लागली आणि ती झोपेतच ओकली. सरावासाठी आम्ही तिला वणीपर्यंत फिरवून आणलं. पेपरावर बसलेली, हातात लिंबू, खिशात कांदा, मनगटाला पट्टा, खाली साखळीचा खणखणाट. राजूर आलं आणि कार्यक्रम झाला.

आता आबाजींबद्दल. आबाजी म्हणजे माझे सासरे, कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. सासूबाई गेल्यापासून घरात विरजण लावायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलंय. म्हशीचं दूध, मातीचं गाडगं, आणि दही असं की गाडगं उलटं केलं तरी हलायचं नाही. घरातून कोणी लांब निघालं की आबाजी दारात वाटी घेऊन उभे. दही-साखर तोंडात पडल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. "माह्या दह्यानं प्रशांतची इंजिनीअरिंग निघाली, मेघाचा इंटरव्ह्यू निघाला," हे ते टपालवाल्यालासुद्धा सांगतात. मेघा म्हणजे मी. आम्हाला एकेक चमचा मिळतो. रेवाला मात्र भरून वाटी. "जिले जास्त तरास, तिले जास्त शकुन," असा त्यांचा हिशेब.

मुकुटबनहून परत येताना रेवा कधीच ओकत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यावरही आबाजींचं उत्तर तयार होतं. "घराकडची वाट कोणालेच लागत नाही." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, आणि मी बारावीला केमिस्ट्री शिकवते.

निघायच्या सकाळी आबाजी वाटी घेऊन दारात होतेच. शिवाय त्यांनी स्टीलच्या डब्यात दही भरून, झाकणाला चिकटपट्टी गुंडाळून प्रशांतच्या हातात दिलं. "तो पहाड चढायच्या आधी देजो पोरीले. बिनाशकुनाचं चढू नोका." आम्ही निघालो आणि कळंब यायच्या आत रेवा ओकली. प्रशांतने स्टिअरिंगवर हात आपटला. तो आवाज तिला बोलण्यापेक्षा जास्त ऐकू येतो.

कळंब, देवळी, वर्धा करत नागपूरचा रस्ता आता झकास आहे, आरामात तीन तास धरा. नागपूरला नणंदेकडे जेवलो. निघताना तिने दारात दही-साखर हातावर ठेवली, रेवाला इथेही भरून वाटी, शेवटी आबाजींचीच लेक. दिल्लीचं विमान जमिनीवरून उठलं आणि रेवाने समोरच्या खिशातली कागदी पिशवी वापरून टाकली. पलीकडच्या सीटवरच्या बाई खिडकीकडे इतक्या सरकल्या की बाहेर पडतील असं वाटलं. दिल्लीत एक मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी श्रीनगरला जाताना विमान चांगलं हादरलं, पण रेवाला काहीच झालं नाही. प्रशांतने तिच्या मनगटाच्या पट्ट्याला हात लावून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत पट्ट्याची किंमत वसूल झाली होती.

आता कामाचं सांगते. गुलमर्गच्या हॉटेलांचे भाव ऐकून आम्ही खाली टंगमर्गला उतरलो आणि रोज वर जायचं ठरवलं. तुम्हीही तसंच करा. लांब बूट आणि कोट टंगमर्गलाच भाड्याने मिळतात, पहिला भाव ऐकून हसायचं आणि निम्म्यापासून सुरुवात करायची. बर्फ असेल तर तुमची गाडी वर सोडत नाहीत, चाकांना साखळ्या लावलेली तिथलीच गाडी घ्यावी लागते. साखळ्या बघून प्रशांत हरखला. "पाह्य, भाऊ सांगत होता का नाही, साखळी पाहिजेच." चाकं बर्फात घसरू नयेत म्हणून त्या असतात, हे मी त्याला सांगितलं नाही. प्रवासात काही आनंद फुकटचे असतात, ते राहू द्यावेत.

पहिल्या दिवशी हॉटेलच्या दारात प्रशांतने चिकटपट्टी सोडली, दह्यावर साखर घातली आणि आबाजींच्या थाटात रेवाला वाटीभर खाऊ घातलं. वरचा रस्ता देवदारांतून चढतो, वळणावर वळण. पहिली काही वळणं ती डोळे मिटून बसली, मग माझा हात घट्ट धरला, आणि मग ड्रायव्हरने न सांगता गाडी बाजूला घेतली. "कोई बात नहीं बेटा," तो म्हणाला, "यहाँ बर्फ है, सब ढक जाता है."

गाडीत परत बसताना रेवाने हळूच विचारलं, "बाबा, हे धरायचं का? मी वरच्या बर्फात नाही ओकली, रस्त्यात ओकली."

"धरायचं," प्रशांत म्हणाला. त्या क्षणी मला नवऱ्याचा मनापासून राग आला. पोरगी काही मुद्दाम ओकत नव्हती.

वर मात्र मजा होती. गोंडोलाचं, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या केबल कारचं, तिकीट आधीच ऑनलाइन काढा, नाहीतर रांगेत थिजाल. फळ्या, बूट, काठ्या आणि शिकवणारा असा सगळा मिळून भाव ठरतो. आम्हाला मंजूर नावाचा शिक्षक मिळाला. "सर, घुटने मोड़िए," असं तो दिवसभर प्रशांतला सांगत होता. प्रशांतने महिनाभर मोबाईलवर व्हिडिओ बघून गच्चीवर सराव केला होता. त्याचे गुडघे सोडून बाकी सगळं मोडलं. तो पडला, मंजूरने उचललं, तो परत पडला. मी एका प्रयत्नातच समाधान मानलं आणि बाकड्यावर बसून कहवा प्यायले. रेवा मात्र दुपारपर्यंत छोट्या उतारावरून सरळ खाली येऊ लागली. तोंड लालबुंद, नाक गळतंय, आणि चेहऱ्यावर असं हसू की मला एकदम भरून आलं. वर्गातल्या कोणीतरी तिला तेव्हा पाहायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेलं दही दगडासारखं गोठलेलं निघालं. प्रशांतने चमचा खुपसला, चमचा वाकला. गाडीवाला हॉर्न वाजवत होता, म्हणून तसेच निघालो. तेच देवदार, तीच वळणं, आणि रेवा सारा रस्ता बडबडत होती. वर पोचलो तरी तिचं बोलणं संपेना. "सवय झाली तिले," प्रशांतने निकाल दिला. संध्याकाळी आबाजींचा फोन आला. दही गोठल्याचं ऐकून म्हणाले, "मंग गरम पाण्यात ठेव ना डबा. इतकं शिकला, थे समजत नाही? शकुन सोडू नोको."

आज्ञाधारक मुलाने तिसऱ्या दिवशी डबा गरम पाण्यात ठेवला, दही सोडवलं आणि पोरीला भरवलं. देवदारांत शिरल्यावर ड्रायव्हरने परत न सांगता गाडी बाजूला घेतली.

मी रेवाची पाठ चोळत रस्त्याच्या कडेला उभी होते आणि माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. वणी, कळंब, नागपूरचं विमान. मग दिल्लीहून पुढचा निवांत प्रवास. मुकुटबनहून परतीचा रस्ता, जिथे माझी आई फक्त लिंबू देते. भरल्या पोटावर म्हशीच्या दुधाचं घट्ट, गोडमिट्ट दही आणि लगेच वळणं. एवढ्यावर मीसुद्धा ओकले असते. पोरांना प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदला म्हणून ओरडणारी बाई, घरात मात्र लिंबू आणि कांदे बदलत बसली होती. मला हसू आलं आणि पाठोपाठ फाटकापाशी हात हलवणारी रेवा आठवली, मग हसू गेलं.

चौथ्या दिवशी मी पहाटेच डबा घासून ठेवला. उरलेलं दही हॉटेलमागच्या कावळ्यांनी खाल्लं, त्यांना कुठे वळणं घ्यायची होती. रेवाला दोन बिस्किटं दिली. ती वर जाताना ओकली नाही, खाली येताना ओकली नाही, श्रीनगरच्या रस्त्यावर तिने खिडकीतून याक शोधले. तिथे याक नसतात, पण तिला सापडले.

"काय देल्लं तू तिले?" प्रशांतने विचारलं.

"काहीच नाही," मी म्हटलं. मग सगळं सांगितलं. त्याने रेवाच्या मनगटाचा पट्टा सोडून खिशात टाकला आणि मग तो तिला जवळ घेऊन म्हणाला, "पहिल्या दिवसाचं नाही धरत बेटा." आधी म्हणाला असता तर बरं झालं असतं.

परतीत नागपूरला नणंदेच्या दारात मी तिची वाटी हसत हसत प्रशांतकडे वळवली. खरी परीक्षा यवतमाळात होती. आबाजींना सांगायला मी गोड शब्द जुळवून ठेवले होते, पण ते सगळे विसरले आणि सरळच सांगून टाकलं. आबाजी ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे पोरीले इतके दिवस मीच ओकवत होतो?" त्यानंतर गाडगं मोरीपाशी पालथं पडून राहिलं आणि आम्ही डेअरीचं दही खाल्लं. पाणचट होतं.

काय उरलं म्हणाल, तर प्रशांतच्या पाठीचं दुखणं उरलं, ते तो ऑफिसात 'स्की इंज्युरी' म्हणून सांगतो. मंजूरच्या मोबाईलवर काढलेले फोटो उरले, त्यात साहेबांच्या फोटोंपेक्षा बर्फ जास्त आहे असं प्रशांतचं म्हणणं आहे. आणि मागच्या रविवारी पुसदला त्याच चुलतभावाच्या मुलाचं बारसं होतं. रेवाने तोच घागरा काढला, आता तो आखूड झालाय. या वेळी ती फाटकाशी नाही, गाडीत बसली.

आणि आबाजी दारात वाटी घेऊन आले. गाडगं पुन्हा कधी लागलं, मला कळलंच नव्हतं. प्रशांतने माझ्याकडे पाहिलं, मी गाडीच्या काचेकडे. आबाजी रेवाच्या खिडकीपाशी थांबले, चमचा भरला, आणि स्वतःच्या तोंडात घातला. मग दुसरा. वाटी पुसून खाल्ली.

"परवास तुहा, दही मी खाल्लं," ते तिला म्हणाले. "शकुनाले काय समजते पोट कोणाचं हाये थे."

पुसदपर्यंत घागऱ्यावर डाग पडला नाही. पोचल्या पोचल्या रेवाने माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि ओरडून सांगितलं, "आबाजी, मी नाही ओकली."

मी त्यांच्या गहिवराची वाट बघत होते. पलीकडून आबाजी निवांतपणे म्हणाले, "मंग? दही कोणी खाल्लं होतं?"