फाटकावरची म्हातारी

मोबाइलवरच्या मारधाडीच्या गेमसाठी मी माणसांची चित्रं काढते. कंपनी पुण्याची, पण मी काम करते गावी, महाळुंगे पडवळला, घरीच बसून. हे सांगितलं की लोक म्हणतात, वा, मजा आहे तुझी. कसली डोंबलाची मजा! मला स्वतःच्याच कामाची शिसारी येते, आणि ती कधीपासून येते तेही नीट माहीत आहे.

कंपनीला गेमसाठी नवी लढणारी बाई हवी होती, कुणी आजवर न पाहिलेली. मला लगेच डिंगोरे गावची आत्या आठवली. आमच्या घरातली मेंढरं आजोबांबरोबर संपली, पण आत्याच्या हातातली गोफण तेवढी राहिली. बाजरी दुधात आली की ती अजून माळ्यावर चढून पाखरं उठवते. मी जाऊन दोन दिवस तिचे व्हिडिओ काढले. डोक्यावरून तीन फेरे, मग मनगटाचा एकच झटका, आणि दोरी अशी कडाडते की शेजारच्या वावरातलीही पाखरं उठतात. तिनं विचारलं, गेमात मला काय करणार? मी म्हणाले, हिरोईन. त्या बाईनं दिवस मावळायच्या आत गिरणीपासून डेअरीपर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं.

मीही जीव ओतून काढली. पिकलेले केस, काष्ट्याचं लुगडं, ओच्यात दगड.

मीटिंगमध्ये आमचा टीम लीड म्हणाला, तिचे तीन फेरे होईस्तोवर खेळणारा तीनदा मरेल, एकच फेरा ठेव. मग म्हणाला, म्हातारी कोण घेणार खेळायला, पंचविशीची कर. मग गोरी कर. मग लुगडं मांडीच्या वर घे. मग कंबर. त्या कंबरेनं तर माझा जीव खाल्ला राव! सात वेळा फाइल परत आली आणि सातही वेळा एकच, अजून बारीक. व्हिडिओ कॉलवर तिला गरागरा फिरवून हे बाप्ये मागून बघत होते आणि खिदळत होते. आणि मी काय केलं? कंबर बारीक केली.

याहून घाण पुढं आहे. आधीची म्हातारी वाया कशाला घालवायची, म्हणून तिला गेममधल्या पहिल्या फाटकावर उभी करायचं ठरलं, शत्रू म्हणून. तिथं तिचे तीन फेरे चालणार होते, उलट सोयीचेच, कारण तेवढ्या वेळात खेळणाऱ्याला तिच्यावर वार करता येतो. ती मेली की फाटक उघडतं. हा नियम लीडचा नव्हे, माझा. मीच सुचवला, त्याबद्दल शाबासकी मिळाली, आणि मी थँक्यू म्हटलं. थू असल्या हुशारीवर.

गेम आल्यावर आत्याचे फोनवर फोन. टाळून टाळून शेवटी एका सकाळी गेले. ती धुतलेलं लुगडं नेसून ओट्यावर बसली होती, शेजारणीलाही बोलावलं होतं. मी गेम सुरू केला आणि त्या गोऱ्या, चिमटीएवढ्या कंबरेच्या बाईवर बोट ठेवून म्हणाले, ही तू. शेजारीण म्हणाली, लई देखणी केली गं. आत्यानं चष्मा लावला आणि बघत राहिली. गोरी बाई धावत पहिल्या फाटकाशी पोचली. समोर म्हातारीनं गोफण उचलली आणि फिरवायला लागली.

"त्या गोरीला गोफण फिरवायाच येत न्हाई," आत्या म्हणाली. "मी ती न्हाई. ती फाटकावर उभी हाय ना, ती मी."

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, पण आत्या चिडली नाही. तिनं एवढंच विचारलं, तिला न मारता पल्याड जाता येतं का?

"नाही," मी म्हणाले. "ती मेल्याशिवाय फाटक उघडत नाही."

"आसं कुणी ठरवलं?"

"मी."

शेजारीण दुसरीकडंच बघायला लागली. आत्यानं चष्मा पदराला पुसून परत लावला आणि माझ्या हातातल्या फोनवर वाकली.

"मंग मार," ती म्हणाली. "बघू दे मला."

मी मारलं.