मोकळी फरशी

कुणाशी महत्त्वाचं बोलायचं असलं की ताई आधी पदर कमरेला खोचायच्या आणि जमिनीवर बसायच्या. समोर साहेब असला तरी. मग साहेबालाही नाइलाजानं बसावं लागे. "खाली बसलं की माणूस जरा कमी खोटं बोलतो," असं त्यांचं म्हणणं. हातात खडू असायचाच. बोटं, पदराचं टोक, कधी कानाची पाळीसुद्धा पांढरी झालेली.

भोपाळमधल्या एका बालगृहात त्या काम करायच्या. शिकवणं नव्हे, सांभाळणंही नव्हे. आपण कुठून आलो हे ज्या मुलांना माहीत नसतं किंवा कुणीतरी भलतंच सांगितलेलं असतं, त्यांच्याबरोबर बसून जमेल तेवढं शोधायचं, हे त्यांचं काम. वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर इकडे आले, ताई इथेच वाढल्या. मी मराठी मंडळाचं छोटंसं ग्रंथालय सांभाळतो. तिथे त्या पुस्तकं बदलायला यायच्या. एकदा मलाच मुलांसाठी पुस्तकं घेऊन चला म्हणाल्या, आणि पुढे माझे शनिवार त्या व्हरांड्यात जाऊ लागले.

व्हरांड्यातल्या फरश्या हीच त्यांची पाटी. दाराजवळची फरशी म्हणजे आजचा दिवस. तिथून मूल एकेक फरशी मागे जायचं. शाळेत घातलं, तिथे शाळा काढायची. दवाखान्यात होतं, तिथे खाट. जे ठाऊक नाही, ती फरशी मोकळी. मोकळ्या फरशीवर पाय द्यायचा नाही, उडी मारून पलीकडे जायचं. काही मुलांच्या वाट्याला इतक्या मोकळ्या फरश्या असत, की उडी पुरायची नाही. मग ताई त्यांना दोन्ही हातांनी उचलून पलीकडे ठेवत.

"मेरे पापा पायलट हैं," एका मुलानं एकदा सांगितलं.

"किसने बताया?"

"मुझे लगता है."

"लगता है वो दीवार पे. फर्श पे जो मालूम है वही."

त्यामुळे ती भिंत विमानं, बंगले आणि लांब वेण्यांच्या आयांनी भरलेली होती. फरशी मात्र बरीचशी कोरी. देणगी द्यायला आलेल्या एक बाई मुलांना म्हणाल्या, "तुम सब भगवान के बच्चे हो." ताई गोड आवाजात म्हणाल्या, "पता भी लिखवा दीजिए, बच्चे चिट्ठी डालेंगे." त्या बाई पुन्हा आल्या नाहीत. देणगीही आली नाही.

रेवा त्या बालगृहात मोठी झालेली. अगदी लहान असताना हबीबगंज स्टेशनवर सापडली, नावही इथेच ठेवलेलं. तिच्या सगळ्यात मागच्या फरशीवर एक पाठमोरी बाई होती. बालगृहात सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट तशीच होती: माँ आई थी, देखके चली गई. ताईंनीही ती ठाऊक असलेल्यांत धरली आणि रेवाला काढू दिली. रेवा फार निगुतीनं काढायची ती पाठ. कधी वेणी, कधी अंबाडा. चेहरा कधीच नाही. तिथे पोचली की विचारायची, "देखा, फिर भी गई?"

एका सणाला बालगृहातली जुनी आया भेटायला आली. ती आता अवधपुरीला मुलाकडे राहायची. व्हरांड्यात बसून गुजिया खाता खाता तिचं लक्ष रेवाच्या चित्राकडे गेलं.

"अरे, ये वही बात है ना? दिन भर एक ही रट थी इसकी. आई, आई. हम पूछते, कौन आई? तो और रोती. फिर सबने कहा, माँ आई होगी, देखके चली गई होगी."

ताईंचा खडू थांबला. "कैसे बोलती थी, अम्मा? आवाज़ देने जैसे?"

"हाँ, जैसे किसी को बुलाते हैं."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. तुम्हाला काही समजावून सांगायला नको. आम्हा दोघांनाही नको होतं. घरी ज्या शब्दानं आम्ही हाक मारत मोठे झालो, तो शब्द इतकी वर्षं आमच्यासमोर होता, आणि आम्ही तो हिंदीत ऐकला होता.

त्याच संध्याकाळी ताईंनी रेवाला समोर बसवलं. "तेरी माँ को जाते किसी ने नहीं देखा, बेटा. कोई आई नहीं थी. तू उसे बुला रही थी. मराठी में. बस इतना मालूम है." मग ओल्या फडक्यानं ती पाठमोरी बाई पुसली.

पाठ होती तिथे रेवानं ओल्या फरशीवर बोट फिरवलं. "पीठ तो थी," ती म्हणाली. "अब वो भी नहीं."

दुसऱ्या दिवसापासून ती व्हरांड्यात यायची थांबली.

ताईंनी रजा काढली. बैतूल, आमला, नागपूर, वर्धा, रेल्वेच्या त्या वाटेवर ठाणी आणि वस्त्या विचारत फिरल्या. इतक्या वर्षांनी कोण काय सांगणार? तेव्हाच कुणी मराठी मुलखात विचारलं असतं तर, हे वाक्य त्या अर्धवट सोडायच्या. परत आल्या तेव्हा पोटावर हात दाबून पायरीवर बसल्या. मला वाटलं, प्रवासाचा शीण असेल.

"तिला सांगा ना, आई शोधत असेल म्हणून," मी म्हणालो.

"पुस्तकवाले, तुम्हाला कोरं पान बघवत नाही. शोधत असेलही. भिंतीवर काढू द्या तिला."

रेवा हळूहळू परतली. मराठी शब्द विचारू लागली. एकदा तिनं ताईंनाच "आई" म्हणून पाहिलं. ताईंनी तिला कुशीत घेतलं, पण म्हणाल्या, "मी ताई. ती जागा कुणाची तरी आहे गं. मी बसले तर ती कुठे बसेल?"

पोटातलं दुखणं कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. साकेत नगरच्या मोठ्या इस्पितळात आम्ही त्यांना नेलं, रेवा बरोबर होती. चाकाची खुर्ची आली तर ताईंनी पदर खोचला. "पाय आहेत अजून." वॉर्डाच्या दारात रखवालदारानं रेवाला अडवलं.

"माँ हैं तुम्हारी?"

"नहीं," रेवा म्हणाली. "माँ का मालूम नहीं. ये ताई हैं."

ताईंनी ते ऐकलं असणार, कारण त्या क्षणभर थांबल्या. मग मागे न बघता भिंतीला धरून आत गेल्या.

त्या परत आल्या नाहीत.

पुढच्या शनिवारी मी पुस्तकं घेऊन बालगृहात गेलो. व्हरांडा धुतलेला होता. रेवा खाली बसली होती. तिची सगळ्यात मागची फरशी मोकळीच होती. दाराजवळच्या फरशीवर मात्र तिनं एक पाठमोरी बाई काढली होती, पदर खोचलेली, एक हात भिंतीला.

मी तिच्यासमोर खाली बसलो. तिनं मान वर केली.

"ये मैंने देखा है," ती म्हणाली.