शनिवारी सकाळी सांगितलेला खून

समोरचे माणूस रचून सांगते आहे हे पुरते ठाऊक असताना ऐकणारा हुंकार का देत राहतो? सुरतेतल्या डिंडोलीच्या मालतीबाई पाटील यांची हकिगत लिहिताना हा प्रश्न पुन्हा पुन्हा आडवा आला आणि त्याचे उत्तर देता आले नाही. घडले ते मात्र सांगता येते.

१९९५ सालच्या हिवाळ्यात, शुक्रवारी संध्याकाळच्या बातम्यांच्या आधी, टीव्हीवर एक विनोदी हिंदी मालिका लागत असे. दर आठवड्याला एक खून होई आणि एक निवृत्त पोस्टमास्तर त्याचा छडा लावी. खोटे बोलणारा माणूस जवळ आला की या पोस्टमास्तराला शिंक येई, पण सर्दीही बारमाही असल्याने कोणती शिंक खरी हे त्याला स्वतःलाच समजत नसे. मालतीबाई ही मालिका भिंतीपलीकडच्या सुषमाकडे जाऊन पाहत. त्यांचे यजमान बन्सीलाल बमरोलीच्या एका खात्यावर, म्हणजे यंत्रमागांच्या शेडमध्ये, कारीगर होते. रातपाळीला ते दिवेलागणीला डबा घेऊन निघत आणि उजाडल्यावर परतत. त्यामुळे शुक्रवारचा खून त्यांच्यासाठी शनिवारी सकाळी होई. हातपाय धुऊन, चहाची बशी तोंडाला लावण्यापूर्वी ते विचारत, "आज कोन मरी गया?"

मालतीबाई साड्यांवर टिकल्या चिकटवत बसल्या बसल्या सांगू लागत. पोस्टमास्तराची शिंक त्या हुबेहूब काढत, विधवेचे रडे काढत, आणि खुनी उघडा पडण्याच्या ऐन क्षणी थांबून म्हणत, "आता तुम्ही सांगा, कोनी मारं?" बन्सीलाल विचार करून एक नाव घेत. ते नाव हमखास चुकीचे असे. मग मालतीबाईंना हसू आवरत नसे, आणि शिरपूर तालुक्यातून सुरतेला आल्यापासूनच्या सगळ्या वर्षांत दोघांच्या वाट्याला आलेली ही बहुधा सर्वांत निवांत घटका होती.

या निवांतपणात संशय शिरला तो एका सद्‌गुणाच्या वाटेने. मागांच्या खडखडाटात रात्र काढणारा माणूस घरीही ओरडूनच बोलतो. बन्सीलाल मीठ मागत ते सुषमाच्या चुलीपर्यंत ऐकू जाई. पौष सरता सरता हा आवाज खाली आला. सुषमाने ते मालतीबाईंच्या आधी हेरले.

"वहिनी, भाऊ आताशा फार गोड बोलतात," ती नळावर म्हणाली. "कोनी शिकाडं?"

"वय झाले त्यांचे."

"वयाने माणूस बहिरा होतो, बाई. हळू नाही बोलत."

मालतीबाईंनी हंडा उचलला, पण ते वाक्य तिथे ठेवून येता आले नाही. मग एकेक गोष्ट दिसू लागली. खात्यावर पाळी पंधरवड्याला बदलते. बन्सीलालांची दिवाळीपासून बदललेली नव्हती. शेठने कायमची रात्र दिली, असे ते सांगत. सदऱ्याला पूर्वी मागाच्या तेलाचे डाग असत आणि ते सोड्यानेही निघत नसत. आता कॉलर तेवढी मळे. मजुरी विणलेल्या मीटरवर मिळे, त्यामुळे घरी येणाऱ्या पैशाच्या चढउतारावरून काही ताडता येत नव्हते. आणि सुषमाने सहज बोलल्यासारखे करून आणखी एक माहिती पुरवली होती: खात्यांच्या रस्त्यावर चहाची टपरी चालवणारी तारा नावाची एकटी बाई आहे आणि तिच्या खोलीत टीव्ही आहे.

मालतीबाईंना ताराचा राग आला नाही. त्यांना भीती वाटली. परमुलखात नवऱ्याने दुसरा संसार थाटला, तर धनश्रीला, वयात आलेल्या मुलीला, घेऊन गावी कोणत्या तोंडाने परतायचे, हा त्या भीतीचा गाभा होता. सरळ विचारावे तर नाही म्हणणे नवऱ्याला अवघड नव्हते. अखेर उपाय त्यांना पोस्टमास्तराकडूनच मिळाला. एका भागात त्याने संशयितांसमोर गोष्ट मुद्दाम चुकीची सांगितली होती, आणि ज्याला तिथे असण्याचे कारण नव्हते त्यानेच न राहवून ती दुरुस्त केली होती.

पुढच्या शुक्रवारी एका लग्नाच्या वरातीत बँडमास्तराचा खून झाला. बँडमास्तर मेला तरी मागची मंडळी त्याच तालावर वाजवत राहिली, कारण थांबायची खूण करणारा तोच होता. खुनी निघाला ढोलवाला. शनिवारी सकाळी मालतीबाईंनी सगळे नीट सांगितले आणि शेवटी टिकलीवरची नजर न काढता म्हटले, "हलवायाने मारले. गळा दाबून."

"हलवाई कसा व्हई?" बन्सीलाल भाकरी मोडत म्हणाले. "त्याना हातले पट्टी व्हती ना."

पट्टीचा उल्लेख मालतीबाईंनी केलेला नव्हता.

त्यांनी डिंकाची वाटी झाकली. "हो का," म्हणाल्या, "मग ढोलवाला असेल. माझा डोळा लागला होता मध्ये." बन्सीलाल घाईने म्हणाले, "मी आपला अंदाज करं." त्यांचे अंदाज कधी बरोबर येत नसत, हे दोघांनाही त्या क्षणी आठवले असावे. चहा तसाच राहिला.

त्यानंतरच्या शुक्रवारी मालिकेच्या बऱ्याच आधी सुषमाने हाक मारली तेव्हा मालतीबाई चपला घालून निघाल्या होत्या. "मालिका सोडून कुठे?" सुषमाने विचारले. "कापड आणायचे आहे," त्या म्हणाल्या. सुषमा खोटेच शिंकली.

ताराची टपरी वाटेत लागली. ती बंद होती, आणि मालतीबाईंना वाटले, हेच ते. तरीही त्या खात्यापर्यंत गेल्या. फाटकाशी वाल्मिक भेटला, बन्सीलालांच्या गावचा, त्यांच्या शेजारचे माग चालवणारा.

"यांना बोलाव जरा," मालतीबाई म्हणाल्या.

वाल्मिकने हातातल्या चिंधीची घडी केली, उलगडली. "वहिनी, दादा दिवाईपासून आठे कामवर नही. त्यास्ले सूतना तार दिखत नही. तुटेल तारवर बी माग चालूच राहे, कापडना ताकेच्या ताके खराब व्हयनात. शेठ काय करी?"

"मंग रातले कोठे जातस?"

"माले शपथ घाली शे," वाल्मिक म्हणाला, आणि शपथ पाळणाऱ्या माणसासारखा गप्प उभा राहिला. फक्त त्याची नजर रस्त्यापलीकडे गेली आणि लगेच परतली.

पलीकडे साड्यांच्या एका गोदामाचे फाटक होते. फाटकाला पत्र्याची केबिन, केबिनमध्ये निळसर उजेड. मालतीबाई रस्ता ओलांडून अंधाराच्या बाजूने उभ्या राहिल्या. रखवालदाराचा खाकी सदरा घातलेले बन्सीलाल स्टुलावर बसले होते. खाकी सदरा त्यांनी घरी कधी आणला नव्हता. समोरच्या लहानशा टीव्हीला त्यांचे नाक जवळजवळ टेकले होते. आत पोस्टमास्तर शिंकत होता, लोक हसत होते. बन्सीलाल हसत नव्हते. शाळेत फळ्यावरचे उतरवून घेणाऱ्या मुलासारखे ते एकाग्र होऊन पाहत होते. केबिनमध्ये दुसरे कोणी नव्हते.

मालतीबाई हाक मारणार होत्या. मारली नाही. परतीच्या वाटेवर आधी त्यांना सुटल्यासारखे वाटले, मग राग आला, आणि घर जवळ आल्यावर उमगले की आजचा भाग आपण पाहिलेलाच नाही.

सुषमाला विचारता आले असते. पण कापड कुठे आहे, हे तिने आधी विचारले असते.

सकाळी बन्सीलाल आले. हातपाय धुतले. बशी उचलली आणि किंचित थांबून विचारले, "आज कोन मरी गया?"

मालतीबाईंनी साडी पुढे ओढली. "एक वकील," त्या म्हणाल्या.

"मंग?"

मग त्यांनी वकिलाला विहिरीत ढकलले, त्याच्या केसांच्या टोपाला पाण्यावर तरंगत ठेवले, दोन बायका आणि एक मुनीम उभा केला. पोस्टमास्तर तीनदा शिंकला, तिन्ही शिंका सर्दीच्या निघाल्या. कुठे धागा तुटला तर बन्सीलाल "मंग?" म्हणून तो जोडून देत. टोप तरंगला तेव्हा ते हसले. त्यांनी एकदाही काही दुरुस्त केले नाही.

"आता सांगा," मालतीबाई म्हणाल्या, "कोनी मारं?"

बन्सीलालांनी बशी खाली ठेवली. "मुनीम," ते म्हणाले.

खुनी कोण हे मालतीबाईंनीही अजून ठरवले नव्हते. त्यांनी नवऱ्याच्या डोळ्यांकडे पाहिले. बुबुळांवर दुधाची साय धरल्यासारखी दिसत होती, आणि ती त्यांना आजवर दिसली नव्हती.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "या खेपेला बरोबर."

१९९७ च्या जानेवारीत बन्सीलालांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला गेला, आणि २००४ सालापर्यंत ते त्याच गोदामाच्या फाटकावर नोकरीला होते.