आतोबांचा पारदर्शक पत्रा

जगात जे जे म्हणून आरपार दिसते, त्याची देखभाल देवाने आमच्या कट्टा गावच्या आतोबांकडे सोपवली आहे, याबद्दल माझ्या मनात आता शंका उरलेली नाही. ओरखडा पडलेले पारदर्शक प्लास्टिक त्यांना सहनच होत नाही. स्कूटरच्या काट्यावरचे झाकण, भिंतीवरच्या घड्याळाचा दर्शनी भाग, पाहुण्यांच्या हेल्मेटचा पुढचा पडदा, काहीही हाती लागले की ते घरापुढच्या खळ्यात पाट टाकून बसतात आणि जुन्या धोतराच्या तुकड्यावर टूथपेस्ट घेऊन गोल गोल घासू लागतात. त्या घरात टूथपेस्ट हत्यारांच्या डब्यात असते. मुक्कामाला गेलो की मी मुकाट्याने मिठाने दात घासतो. मागे त्यांनी माझा नवा चष्मा असाच मागून घेतला. "दी रे हयसर, चरे काढून देतंय." चरे गेले, आणि त्यांच्यासोबत काचेवरचा महागडा थरही गेला. पुढचा महिनाभर मला प्रत्येक बल्बाभोवती प्रभावळ दिसत होती, आणि "आता कसा लख्ख दिसता मां?" या प्रश्नाला मी भक्तिभावाने "हो" म्हणत होतो.

पण त्यांचा खरा जीव पडवीच्या पत्र्यावर. पावसाची झड आत येऊ नये म्हणून पूर्वी तिथे माडाच्या झावळ्यांचे झाप बांधत, की चार महिने पडवीत अंधार. आत्येचे गुडघे धरल्यापासून तिचा दिवस पडवीतल्या खुर्चीत जातो, आणि वाटेने जाणाऱ्या प्रत्येकीला "खंय चललंस गो?" विचारल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नाही. म्हणून आतोबांनी तिथे जाड प्लास्टिकचा पारदर्शक पत्रा बसवून घेतला. चतुर्थीच्या साफसफाईत आत्येने खुर्चीत बसूनच समया आणि तांबे घासले, आणि हात फिरता आहे तोवर म्हणून त्याच नारळाच्या सोडणाने आणि राखेने समोरचा पत्राही, हात पोचेल तिथवर, घासून टाकला.

त्यानंतर तिला वाट धूसर दिसू लागली. शेजारीण समोरून गेली तरी हाक नाही, म्हणून शेजारीण रुसली. आतोबा म्हणाले, मोतीबिंदू असेल, डोळे दाखवूया. ऑपरेशनच्या नावानेच आत्येचे हातपाय गार पडतात. "माझ्या डोळ्यांक काय एक जावक नाय. पत्र्याक चरे आसत, ते आधी काढा," म्हणाली.

झाले! आतोबांनी रंगाऱ्यांचा पाण्यात भिजवायचा पॉलिश पेपर आणला, आधी खरखरीत, मग मऊ, मग त्याहून मऊ. पहिल्याच दिवशी पत्रा ताकासारखा पांढरा झाला. आत्येने कपाळावर हात मारला. "होता नव्हता ता पण गेला!"

"आधी बिघडवूचाच लागता गो, मगे सुधारता."

मी गेलो तेव्हा त्यांनी माझ्याही हातात टूथपेस्ट लावलेले फडके दिले आणि हळूच म्हणाले, "ह्यात एक जरी चरो ऱ्हवलो, तर ती दवाखान्यात येवची नाय." मी इतके मन लावून माझ्या घरची भांडीसुद्धा कधी घासलेली नाहीत.

संध्याकाळी पत्रा असा नितळ झाला, की मध्ये काही आहे हे कळेना. आतोबा बाहेर गेले आणि पलीकडून आत्येच्या अगदी समोर उभे राहिले. त्यांच्या दाढीचे पांढरे खुंट मला आतून एकेक दिसत होते. गालाला टूथपेस्ट लागलेली, ओठ घट्ट मिटलेले, डोळे भरलेले.

"दिसता मां गो?"

आत्येने डोळे बारीक केले. "दिसता तर! लख्ख दिसता. तुमी हसतास कित्याक?"

मी माझा चष्मा उगाचच पुसू लागलो. आतोबा आत आले आणि तिच्या खुर्चीपाशी खाली बसले. आत्येने हात पुढे करून त्यांचा गाल चाचपला. तो ओला होता. तिचा हात तिथेच राहिला.

मग ती म्हणाली, "दवाखान्यात कधी जावचा ता सांगा. पण माझो हात सोडू नकात."