मामाजींचा सात नंबर

नागपुरातून दक्षिणेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग सरकारच्या मालकीचा आहे, ही माझ्या बायकोच्या मामांच्या मते निव्वळ अफवा आहे. तो रस्ता त्यांचा आहे, सरकार फक्त डांबर पुरवते. मनीषनगरात राहणारे हे किडकिडीत गृहस्थ बुटीबोरी ते जाम या पट्ट्यात रस्त्याच्या कामावर आधी मजूर आणि मग मुकादम होते. निवृत्तीला कितीतरी वर्षे झाली, तरी गाडी खड्ड्यात आदळली की अजूनही तेच ओशाळतात आणि बाजूच्या माणसाची माफी मागतात.

वाराणसीहून निघून रिवा, जबलपूर, शिवनी करत नागपुरात शिरणारा आणि हिंगणघाट, पांढरकवडा, आदिलाबाद, हैदराबाद, कर्नूल, बंगळूर, सेलम, मदुराई गाठत कन्याकुमारीला टेकणारा जुना सात नंबर त्यांना तोंडपाठ आहे. बारशाला पाळणा म्हणणाऱ्या बायकांनी दोन कडव्यांमध्ये जरा उसंत घेतली, की मामाजी वाराणसीपासून सुरू होतात. पुढे सरकारने नंबर बदलले, आपल्याकडचा सात नंबर चव्वेचाळीसात गेला आणि रस्ता थेट श्रीनगरहून येऊ लागला. माझ्या मुलाने एकदा सहज ‘फोर्टी-फोर’ म्हटले, तर मामाजी कडाडले, “उद्या सरकारनं तुह्या बापाचं नाव बदलवलं, तर तू त्याले नव्या नावानं हाका मारशीन का?” बाप शेजारीच चहा पीत होता, त्याला कोणी काही विचारले नाही.

माझे लग्नसुद्धा या रस्त्यानेच जमवले. स्थळे दोन होती. काटोलच्या मुलाच्या घरी संत्र्याच्या बागा होत्या आणि दिसायलाही तो माझ्याहून उजवा होता. मी पांढरकवड्याच्या मास्तरांचा मुलगा, नाकीडोळी जेमतेम. भर बैठकीत मामाजी म्हणाले, “काटोलचा पोरगा लाख चांगला आहे, पण सात नंबरवर नाही. पोरीले माहेरी याचं तर सरळ रस्ता पाहिजे!” सगळे हसले आणि हसता हसता माझे नाव पक्के झाले. ज्या माणसाने मला संसार मिळवून दिला त्याच्याशी मी पुढे कसा वागलो, हे लिहिताना आजही मान वर होत नाही.

एवढे सगळे असून मामाजी स्वतः पैनगंगेच्या पुलापलीकडे कधी गेले नव्हते. “रस्ता संपते कुठी, थे एकडाव डोळ्यानं पाहाचं आहे,” एवढीच त्यांची इच्छा. गेल्या हिवाळ्यात आम्ही गाडीने कन्याकुमारीला जायचे ठरवले आणि चारचौघांत मी त्यांना शब्द दिला, “मामाजी, पुढची सीट तुमची.” त्यांनी नवे कॅनव्हासचे बूट घेतले.

पण त्यांच्यासोबत प्रवास करणे म्हणजे काय, ते आम्ही हिंगणघाटच्या एका लग्नाला जाताना भोगले होते. दिसेल त्या किलोमीटरच्या दगडापाशी गाडी थांबवायची, त्यावर चिकटवलेल्या मूळव्याधीच्या जाहिराती किल्लीने खरवडायच्या आणि स्वतःच्या दुपट्ट्याने दगड पुसायचा. “दगड वाचता आला नाही तर डायवर कोणाले विचारन, जवाईबापू?” आम्ही पोचलो तेव्हा मंगलाष्टके कधीच आटोपली होती. ते आठवून मुले कुरकुरायला लागली. बायको गप्प राहिली, आणि मला तेवढे निमित्त पुरले. निघायच्या आदल्या दिवशी मी फोन केला, “मामाजी, गाडीचा क्लच गेला. बेत रद्द.” ते म्हणाले, “काही हरकत नाही. गाडी ठीक झाली की जाऊ.” दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही निघालो.

परत आल्यावर शेजारच्या काकूंनी सांगितले. त्याच दिवशी दहाच्या सुमारास मामाजी ऑटोने आले होते. सोबत ओळखीचा मिस्त्री, त्याच्या हातात पान्यांची पिशवी. क्लच दुरुस्त करायला! काकूंनी बिचारीने खरे ते सांगून टाकले की सगळे सकाळीच कन्याकुमारीला गेले. मामाजींनी फाटकाच्या कुलपाकडे पाहिले. मग मिस्त्रीला म्हणाले, “दुसऱ्या कोणी करून देल्ली वाटते. बरं झालं,” आणि त्याला कोपऱ्यावर चहा पाजून घेऊन गेले. माझा खोटेपणा त्यांनी मिस्त्रीपासूनही झाकला होता.

आठ दिवस मला त्यांच्या दाराशी जायचे धैर्य झाले नाही. शेवटी तिकडच्या हलव्याचा डबा घेऊन गेलो. क्लचचा विषय नाही, कपाळावर आठी नाही. खुर्ची पुढे सरकवत त्यांनी विचारले, “बसा. सेलमच्या पुढं रस्ता कसा आहे?”

“मामाजी, तिथं मुलगा चालवत होता. मी झोपलो होतो.”

“आन् शेवटी? जिथी संपते तिथी?”

मी फोन काढला. सूर्योदय, समुद्र, शहाळी आणि जिकडेतिकडे आम्हीच. मामाजी एकेक फोटो सरकवत रस्ता शोधत होते. एका फोटोत माझ्या पाठीमागे वीतभर डांबर दिसले. त्यांनी चष्मा लावला आणि दोन बोटांनी तो तुकडा मोठा केला.

“क्लच गेला नव्हता, मामाजी.”

“मालूम आहे,” ते मान वर न करता म्हणाले. “पट्टी चांगली मारली आहे पांढरी.”

“पुढच्या हिवाळ्यात आपण दोघंच जाऊ. लागेल तिथं थांबू.”

“आता इतका वेळ गाडीत बसवत नाही. गुडघे आखडतात.” ते अजून फोटोच पाहत होते. मग त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि अगदी हळू, जणू चूक त्यांचीच असावी तसे म्हणाले, “तुमचं कोपर मधात आलं, जवाईबापू. नाई तं रस्त्याचं टोक दिसलं असतं.”